मेंढीचे वरचे दात

पुंडलिकनगरातली रत्नमाला शाळेत शिकवते. बोलायला सरळ, कामाला वाघीण, एरवी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण जानेवारी उजाडला की या बाईच्या डोक्यात तिडीक जायची. जानेवारीत 'ज्ञानचषक' भरायचा. मराठवाड्यातल्या कॉलेजांची प्रश्नमंजुषा ती, दर वर्षी शहरातल्या एका जुन्या कॉलेजात व्हायची. चौकात तिचं पोस्टर लागलं की हिच्या हातून दूध उतू जायचं, वह्या तपासताना लाल पेन कागदातून आरपार जायचं. नवरा शहाणा. तो पोरांना सांगून ठेवायचा, की आता महिनाभर आईला काही विचारायचं नाही. एका प्रश्नाशी एकोणतीस वर्षं भांडणाऱ्या बाईला दुसरं काय विचारणार म्हणा.

भांडण काय होतं ते सांगतोच. पण आधी त्या स्पर्धेचं थोडं सांगायला हवं, कारण खोड तिथंच आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी ज्ञानचषक सुरू झाला. मुकुंद सर तेव्हा तरुण प्राध्यापक होते. घरात पिढ्यान्पिढ्या पूजा सांगणं आणि कारकुनी, त्यामुळे पुस्तकावर भारी जीव. खडी फोडायच्या कामावर जाऊन आलेल्या पोरांच्या डोक्यालाही काही खुराक हवा, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते चांगलंच होतं, त्यात वाद नाही. त्यांनी जाड कागदाची कार्डं कापली. पुढच्या बाजूला प्रश्न, पाठीवर उत्तर, सगळं स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात. ती कार्डं एका सागवानी पेटीत ओळीनं लावून ठेवली. पहिल्या वर्षी पाच कॉलेजं आली. जो आधी टेबलावर थाप मारेल त्याला उत्तराची संधी. पुढं पितळी घंटा आली, मग लाल दिव्याचं बटण आलं, आणि पाचाची बावीस कॉलेजं झाली.

दोन गोष्टींना मात्र कुणी हात लावला नाही. कार्डाच्या पाठीवर असेल तेच उत्तर अंतिम, ही एक. आणि टंचाईच्या वर्षी नवे प्रश्न काढायचे नाहीत, जुनीच पेटी उघडायची, ही दुसरी. लोक पाण्यापायी वणवण फिरत असताना आपण नव्या प्रश्नांची हौस कशी करायची, असं समितीचं म्हणणं. आता पाऊस पडला नाही म्हणून पोरांना शिळे प्रश्न का घालायचे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मराठवाड्यात टंचाई काही पाहुणी नाही, त्यामुळे पेटी वरचेवर उघडायची.

सत्त्याऐंशीचा जानेवारी असाच कोरडा होता. तेव्हाच्या औरंगाबादेत त्या वर्षी स्पर्धकांनी पाण्याच्या बाटल्या घरून आणाव्यात अशी सूचना लागली होती. लासूर स्टेशनच्या कॉलेजची टीम पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली. टीममध्ये दोघंच, रत्नमाला आणि तिच्या वर्गातला अंगद. रत्नमाला तेव्हा एकोणीस वर्षांची, मेंढपाळाच्या घरातली. कॉलेजात जाणारी त्यांच्या वस्तीवरची पहिलीच मुलगी. तिचा बाप सांडू, त्याला ती आबा म्हणायची, लेकीची स्पर्धा बघायला पहाटेच्या गाडीनं आला होता. धुतलेला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि आई बानाबाईनं बांधून दिलेली भाकरी. तो शेवटच्या बाकावर बसला. अर्धे प्रश्न त्याच्या डोक्यावरून जात होते, पण लेकीचा दिवा पेटला की तो शेजारच्याला कोपरानं ढोसायचा आणि सांगायचा, "माजी पोरगी हाय."

शेवटच्या प्रश्नापर्यंत शहरातलं एक कॉलेज आणि लासूर, दोघांचे गुण सारखे. मुकुंद सरांनी पेटीतून कार्ड काढलं.

"मेंढीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती?"

रत्नमालानं अंगदकडे पाहिलंसुद्धा नाही. बटण दाबलं आणि म्हणाली, "एकही नाही, सर."

सगळा हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारी मेंढी असंल!" आणि पुन्हा हसू पिकलं. संताप येतो तो इथं. हॉलमधली निम्मी पोरं खेड्यातली होती. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुणालाच वर पुढचे दात नसतात, तिथं नुसती टणक हिरडी असते, हे त्यातल्या प्रत्येकानं वैरण घालताना पाहिलेलं होतं. पण शहरातल्या खुर्चीवर बसलं की घरचं ठाऊक असलेलं विसरायची अशी काही घाई होते माणसाला. ती पोरंही हसली.

मुकुंद सरांनी कार्ड उलटवून पाहिलं. "चूक," ते म्हणाले आणि प्रश्न समोरच्या टीमकडे दिला. समोरच्या मुलानं अंदाजपंचे 'आठ' म्हटलं.

"बरोबर. दहा गुण."

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून सांडू उठला. "ओ साहेब, पोरगी बरूबर बोलतीय. मेंढराला वर दात नसत्यात. आठ हायेत ते खाली. मी मेंढरं राखतो, मला ठावं हाय."

मुकुंद सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात जोडून, गोड आवाजात सांगितलं, "बाबा, खाली बसा. इथं पुस्तकातलं चालतं." त्यावर हॉल मघापेक्षा मोठ्यानं हसला. छातीवर फीत लावलेल्या एका कार्यकर्त्यानं सांडूला दंडाला धरून बसवलं. मग चषक दिला गेला, हारतुरे झाले, फोटो निघाला.

परतीच्या गाडीत सांडू लासूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होता. उतरताना त्यानं विचारलं, "रतन, तुज्या पुस्तकात आठ लिवल्यात का?"

"नाय आबा."

"मंग त्येंच्या पुस्तकात लिवलं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बानाबाईनं पाहिलं, तर नवरा मेंढ्यांच्या वाड्यात बसून एकेकीचं तोंड उघडून बघत होता. बत्तीसच्या बत्तीस मेंढ्यांची तोंडं त्यानं बघितली. ज्या माणसाला बाजारात लोक जनावराचं वय विचारायला यायचे, जो ओठ वर करून एका नजरेत दोन दाती, चार दाती सांगायचा, त्यानं त्या दिवशी स्वतःच्याच मेंढ्यांची तोंडं तपासली. बानाबाईनं हे रत्नमालाला सांगितलं, आणि तिच्या काळजाला जी घरं पडली ती पडलीच.

त्यानंतर सांडू कुठल्या हॉलमध्ये गेला नाही. लेकीच्या पदवीच्या समारंभाला आला तो फाटकाबाहेर उभा राहिला. ती नोकरीला लागली, शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा सत्कार झाला, तेव्हा हा रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर. आत चला म्हटलं की एकच उत्तर, "शिकल्याल्या मान्सात आपलं काय काम? मी हितंच बरा हाय." दर वेळी तेच. रत्नमाला चडफडायची, रडायची, हात धरून ओढायची. पण मेंढपाळाचं पाऊल जिथं रोवलं तिथं रोवलं.

म्हणून तिला चषक नको होता, गुण नको होते. तिला एवढंच हवं होतं, की त्याच मंचावरून, त्याच माइकवरून कुणीतरी सांगावं, त्या दिवशी उत्तर बरोबर होतं. आणि ते आबानं ऐकावं. एका वाक्याचं काम. पण त्या एका वाक्यापायी तिच्या नाकी नऊ आले.

पहिलं पत्र तिनं अठ्ठ्याऐंशीत पाठवलं. उत्तराचं पोस्टकार्ड आलं, 'नियमानुसार कार्डावरील उत्तर अंतिम.' पुढं तिनं आणखी पत्रं पाठवली. कधी उत्तर आलं नाही, कधी 'समितीपुढे ठेवू' असं आलं. समितीची बैठक वर्षातून एकदा, आणि त्या बैठकीत चषकाचं पॉलिश आणि पाहुण्यांची नावं, एवढ्यातच चहा यायचा. वाटाण्याच्या अक्षता लावायच्या तर त्या किती लावाव्यात.

दोन हजार चारला पुन्हा पाणी आटलं आणि पुन्हा पेटी उघडली. रत्नमाला तेव्हा प्रेक्षकांत होती. मुकुंद सरांचे केस पांढरे झाले होते, कार्ड पिवळं पडलं होतं, प्रश्न तोच. "मेंढीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती?" नांदेडकडच्या एका मुलीनं 'आठ' सांगितलं आणि तिला टाळ्या मिळाल्या. रत्नमाला ताडकन उठली. "सर, हे चुकीचं आहे. मी सतरा वर्षं सांगतेय."

मुकुंद सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, स्पर्धा चालू आहे. आपण नंतर बोलू." नंतर ते पाहुण्यांना सोडायला गेले.

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? वैर असतं तर भांडून मोकळं होता आलं असतं. इथं सगळी माणसं सभ्य, सगळी हसतमुख, सगळी 'बसा ना' म्हणणारी. रत्नमाला घरी येऊन म्हणायची, "कुणीतरी एकदा खेकसलं असतं तरी बरं वाटलं असतं."

मधल्या वर्षांत शहर चहूबाजूंनी सुटलं. दौलताबादच्या रस्त्याला पडेगावच्या मागं जी चराऊ रानं होती, तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले. कॉलेजनं जुना पत्र्याचा हॉल पाडून वातानुकूलित सभागृह बांधलं. बानाबाई गेली. बारा-तेराच्या दुष्काळात लासूरकडं प्यायला पाणी नाही तिथं मेंढ्यांना कुठलं, म्हणून सांडूनं होता नव्हता तो कळप विकला आणि तो पुंडलिकनगरात लेकीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आला. दिवसभर गॅलरीत बसून टँकर मोजायचा.

त्याच वर्षी समितीची सूत्रं चारुता मॅडमकडं आली. नव्या विचारांची बाई, हातात लॅपटॉप. पेटीतली सगळी कार्डं तिनं संगणकावर घेतली. रत्नमालाला वाटलं, आता तरी अक्कल वापरतील. कसलं काय. पडद्यावर प्रश्न झळकला तो रंगीत, शेजारी मेंढीचा फोटो, मेंढीचं तोंड बंद, आणि उत्तराच्या जागी आठ. चूक होती तशीच, फक्त रंग लावून.

रत्नमाला पशुवैद्यकाचं पुस्तक घेऊन चारुता मॅडमकडं गेली. मॅडमनी खूण घातलेलं पान वाचलं, फोटो काढून घेतला, कॉफी दिली. दोन वर्षांनी समितीचं उत्तर आलं, की मेंढीच्या जातीजातींत फरक असू शकतो, सबब हा पुरावा निर्णायक मानता येत नाही.

ते पत्र वाचून रत्नमाला आधी हसली आणि मग चारचौघांत सांगता येणार नाहीत असल्या शिव्या देत तिनं ते फाडलं. मग फोन उचलला. "मॅडम, मी मेंढी घेऊन येते. तुम्हीच मोजा."

दोन हजार सोळाचा जानेवारी, पुन्हा टंचाईचा. मेंढी आणायची तर आता मेंढी होती कुठं? शेवटी पडेगावात सांडूची चुलतबहीण दगडाबाई सापडली. प्लॉटांच्या पाट्यांमधून अकरा मेंढ्या वळणारी म्हातारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेंढी कॉलेजात घालतीस व्हय? फी तूच भर बाई." पण मेंढी दिली, चांगली जुळलेली, म्हणजे खालचे आठही दात पुरे आलेली, गरीब स्वभावाची.

आबाला न्यायचं कसं, ही खरी पंचाईत होती. रत्नमालानं सरळ सांगितलं, "मेंढी मला धरता येत नाय. तुमी आलात तर व्हईल." मेंढीचं काम म्हटल्यावर म्हाताऱ्यानं पटका मागितला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस टेम्पोच्या मागच्या फळीवर मेंढीला कवेत धरून बसला आणि गॅलरीत बसून आंबलेलं त्याचं तोंड त्या दिवशी जरा उजळ दिसलं.

सभागृहाच्या दारात शिपायानं हात आडवा केला. आत गालिचा होता. मेंढी आत जाणार नाही, आणि मेंढी सोडून सांडू जाणार नाही. शेवटी समितीच बाहेर आली. अंगणातल्या कडुनिंबाखाली चारुता मॅडम, आणखी दोघं सदस्य, आणि काठी टेकत मुकुंद सर. सांडूनं एका हातानं मेंढीची मान दाबली, दुसऱ्यानं ओठ वर केला.

"बघा साहेब."

मुकुंद सर वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग त्यांनी बोट पुढं केलं आणि मेंढीच्या वरच्या हिरडीवरून फिरवलं.

"पुस्तकात पुढचे दात आठ, एवढंच होतं," ते म्हणाले. "आपले वर दिसतात, म्हणून मी वर लिहिलं. मेंढीच्या तोंडात कशाला बघतोय कुणी." मग रत्नमालाकडं वळून अगदी मनापासून म्हणाले, "अहो, मग इतकी वर्षं कुणी मेंढी का नाही आणली?"

रत्नमालाच्या तोंडाशी काय काय आलं असेल ते आलं असेल. पण बाप शेजारी उभा होता, आणि आज काम व्हायचं होतं. तिनं ते गिळलं. "सर, आता मंचावरून सांगा. एवढंच."

"सांगू, सांगू. चारुता सांगेल."

सांडू बाहेरच थांबला. मेंढीला एकटी बांधून ठेवणं त्याला पटत नव्हतं. "तू जा. मी हितंच बरा हाय," तो म्हणाला. पण या खेपेला त्यानं पुढं विचारलं, "हितं ऐकू यील का गं?" रत्नमालानं शिपायाला विनवून सभागृहाचं दार उघडं ठेवायला लावलं आणि ती आत जाऊन उभी राहिली. गार वारा बाहेर जातो म्हणून तिची पाठ वळताच कुणीतरी दार ओढून घेतलं, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या फेरीत एका मुलानं अवघड उत्तर दिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर चारुता मॅडमनी कागद वाचला. "सत्त्याऐंशी सालच्या एका प्रश्नाबाबत तांत्रिक संदिग्धता आढळल्यानं समितीनं तो प्रश्न बाद ठरवला आहे. निकालात कोणताही बदल होत नाही. आता आपण तिसऱ्या फेरीकडं वळू या."

झालं. कोणता प्रश्न, कुणाचं उत्तर, चूक कुणाची, बरोबर कुणाचं, एक अक्षर नाही. सभागृहातल्या एकालाही काही कळलं नाही. कुणी फोनवरून मान वर केली नाही. एकोणतीस वर्षांच्या तोंडाला पानं पुसायला त्यांना अर्धं मिनिट पुरलं. बाद? बिनतोड बरोबर असलेलं उत्तर, आणि म्हणे प्रश्न बाद? पहिल्या रांगेत मुकुंद सर समाधानानं मान हलवत होते, एक जुनं काम मार्गी लागलं म्हणून.

रत्नमाला बाहेर आली. सांडू कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. बाटलीच्या बुचात पाणी ओतून मेंढीला पाजत होता.

"सांगितलं का?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण त्या चेहऱ्याकडं बघून तिच्यानं खरं बोलवलं नाही. "सांगितलं, आबा. तुमचं बरूबर व्हतं म्हनले."

सांडूनं मान हलवली. बुचातलं उरलेलं पाणी त्यानं परत बाटलीत ओतलं, एक थेंब सांडू न देता.

"मंग टाळ्या न्हाई वाजल्या ते," तो म्हणाला. "मगाशी कुनाच्या तरी लई वाजल्या. दार लावल्यालं हाय, तरी हितपत्तोर आल्या. म्या म्हनलं आता आपल्या बी येतील."

रत्नमाला उलट्या पावली आत गेली. दार तिनं भिंतीवर आपटेपर्यंत उघडलं. मधल्या वाटेनं चालत, तिसऱ्या फेरीचा प्रश्न चालू असताना, ती मंचावर चढली. चारुता मॅडम म्हणाल्या, "बाई, प्लीज, नंतर." रत्नमालानं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला, शाळेत पोराच्या हातातून गोटी काढून घ्यावी इतक्या सहज.

"मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात," ती म्हणाली. "सत्त्याऐंशी साली याच स्पर्धेत मी हे सांगितलं. उत्तर बरोबर होतं. यांनी ते चूक ठरवलं. माझ्या बापानं उठून सांगितलं, तर त्याला हसले आणि खाली बसवलं. हे मला पुस्तकानं नाही, बापानं शिकवलं. सांडू त्याचं नाव. तो बाहेर झाडाखाली बसलाय. मुकुंद सर इथं आहेत, त्यांनी आत्ता स्वतः बोट लावून पाहिलंय. सर, खरं की खोटं?"

मुकुंद सर काठीवर भार देऊन उभे राहिले. "खरं आहे," ते म्हणाले. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग टाळ्या वाजवा."

सभागृह गोंधळून एकमेकांकडं बघत राहिलं. पुढच्या रांगेतल्या तिघाचौघांनी वाजवल्या, मागं कुठंतरी दोन मुलींनी वाजवल्या.

"जोरात," रत्नमाला म्हणाली. "झाड लांब आहे."